मेंढ्यांमागे चालणारे घर

केनियाच्या उत्तरेस चाल्बी नावाचे वाळवंट आहे. तेथील गाब्रा लोक उंटांचे कळप घेऊन चाऱ्यापाण्यामागे हिंडतात. मुक्काम हलवताना घराचे वासे आणि चटयासुद्धा उंटाच्या पाठीवर चढतात. असे चालते घर पाहण्यासाठी आफ्रिकेत जायला मात्र नको. तुम्ही तिकोणा पेठेत किंवा मावळातल्या दुसऱ्या एखाद्या गावी राहत असाल, तर दिवाळीनंतर बोरघाटाच्या दिशेने निघालेले मेंढ्यांचे कळप तुम्ही पाहिले असतील. बरोबर घोडी असतात. त्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्या, कधी एखादे लहान मूलही! हा हटकर धनगरांचा 'वाडा'. या वाड्याला भिंती नसतात; एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांनाच वाडा म्हणतात.

हे लोक फिरतात कशासाठी? उत्तर पावसात आहे. लोणावळ्यास वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. फलटणकडे सुमारे ५००. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत अंतर दीडशे किलोमीटरही नाही. सह्याद्री ढगांना अडवतो आणि पलीकडचा मुलूख कोरडा राहतो. दख्खनी मेंढीला हा कोरडा मुलूखच मानवतो. सततच्या चिखलात तिचे खूर कुजतात. म्हणून पावसाळा पूर्वेकडच्या माळावर काढायचा, आणि तिकडचे गवत संपले की घाट उतरून कोकणात जायचे. तेथे भात कापून शेते मोकळी झालेली असतात. जूनचे ढग दिसण्याआधी परतायचे. सह्याद्रीच्या पठारावर कायम राहणारे गवळी धनगर मेंढ्या न पाळता म्हशी पाळतात, कारण म्हशीला पाऊस बाधत नाही. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा या शास्त्रज्ञांनी गवळी धनगरांच्या या जीवनक्रमाचा अभ्यास करून १९८२ साली निबंध प्रसिद्ध केला होता.

वाड्याचा दिवस पहाटे सुरू होतो. आधी कोकरांना पाजायचे. चालू न शकणारी कोकरे डालग्याखाली झाकून ठेवतात. पुरुष कळप घेऊन चरायला निघतात. बायका बिऱ्हाड बांधतात, घोडी लादतात आणि पुढच्या मुक्कामी जाऊन पाणी, सरपण, भाकरी यांची सोय पाहतात. चालण्याच्या दिवसांत हा पसारा रोज उलगडायचा आणि रोज आवरायचा! (आपले दप्तर आवरताना आपण किती कुरकुर करतो!) संध्याकाळी 'वाघर' म्हणजे दोरीचे जाळे उभारून त्यात मेंढ्या कोंडतात. लांडग्या-बिबट्याच्या भीतीने कुत्री आणि माणसे जागता पहारा ठेवतात.

ही वाघर शेतकऱ्याच्या रिकाम्या शेतात लागते, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. का बरे देतो? वाळलेला पाला जमिनीवर तसाच पडला, तर कुजायला महिने लागतात. मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातील सूक्ष्मजीव त्याच पाल्यातील सेल्युलोज फोडतात आणि दोन-तीन दिवसांत त्याची लेंडी होऊन बाहेर पडते. शिवाय मूत्रातील नत्र थेट मातीत मुरते. उकिरड्यावर त्याचा बराच भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो. खत वाहून नेण्याचे कष्टही वाचतात.

हा सौदा आता अवघड झाला आहे. पाणी मिळाल्यावर शेते रिकामी राहत नाहीत. २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर कळपाला जाता येत नाही. जुन्या रस्त्यावर रात्री ट्रकखाली मेंढ्या सापडतात. पवनेच्या काठी पडीक जमिनींना कुंपणे पडली आहेत. कुंपण आले की चारा आणि वाट दोन्ही जातात. आणि वाड्याबरोबर फिरणाऱ्या मुलांनी शाळेत नाव घालायचे ते कोणत्या गावी?

एक प्रयोग करा. जुन्या घोंगडीचा तुकडा आणि तेवढ्याच वजनाचे सुती कापड घ्या. दोन्हींवर थेंब थेंब पाणी टाका. सुती कापडावर थेंब लगेच पसरेल. घोंगडीवर तो काही वेळ मण्यासारखा उभा राहील. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, वरून स्निग्धांशाचा पातळ थर असतो. त्यामुळे थेंब निसटतो. हवेतील बाष्प मात्र तंतूच्या आत शिरते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. उघड्या शेतात मेंढ्यांपाशी निजणारा धनगर घोंगडीच पांघरतो, ती यासाठी.