आगोटीची बेगमी

गेल्या ज्येष्ठातल्या एकादशीला खालापूर तालुक्यातील एका लहानशा गावी आम्ही निरूपणास गेलो होतो. निरूपण आटोपले, पुंडलीक वरदा झाले, मंडळी उठू लागली, तोच एक तरुण माळकरी पुढे येऊन म्हणाला, "बुवा, रागावू नका. आत्ता तुम्ही सांगितलंत की देव भक्ताचा योगक्षेम वाहतो. मग आमची आई चार महिन्यांचं तांदूळ, डाळ, मीठ, मिरची भरून ठेवते ते काय? भरवसा कमी पडतो म्हणून?" आम्ही उत्तर जुळवीत होतो. तोवर खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी बोलून गेली, "अरे पोरा, ओढ्याला पूर आला म्हंजे इठोबा तुजं दळण डोक्यावर घेऊन येनार हाय का? हात कशाला दिलेत त्यानं?"

सभामंडप हसला आणि प्रश्न तिथेच मिटला असे सर्वांना वाटले. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. म्हातारीचे बोलणे खरे, पण ते अर्धेच खरे. हात भरायला दिले आहेत तसे मूठ उघडायलाही दिले आहेत. किती भरावे आणि कुठे थांबावे, हे तिने सांगितले नाही. वाचकहो, त्या उरलेल्या अर्ध्याचा विचार आज आपण करू.

घाटावरच्या वारकरी बंधूंसाठी थोडे सांगणे अवश्य आहे. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला आगोट म्हणतात आणि त्या चार महिन्यांसाठी जी बेगमी करावयाची तिलाही आगोटच म्हणतात. मृग लागायच्या आत घरात भात आले पाहिजे, कडवे वाल उन्हात वाळून मडक्यात गेले पाहिजेत, चिंच, आमसुले, लोणचे, पापड, तिखट, मीठ, सरपण, शेणी हे सारे आढ्याखाली आले पाहिजे. (सुकटीची आगोट आमच्या भागात मोठी, पण माळकऱ्याच्या घरी तो खर्च वाचतो!) या तयारीला कोणी हावरेपणा म्हणत नाही. कारण उघड आहे. आषाढात शेतकरी लावणीच्या चिखलात असतो, हाती पैसा नसतो, नवे भात दिवाळीच्या सुमारास यायचे, आणि वाडीवरून बाजाराला जाणारी वाट कधी ओढ्याने तोडली जाईल याचा नेम नाही. कोकणातले पुष्कळ वारकरी आषाढीपेक्षा कार्तिकीला मोकळे होतात आणि खोपोलीवरून बोरघाट चढून आळंदीची वाट धरतात, त्याचे कारणही ही लावणीच होय.

वाट तुटते म्हणजे काय ते येथील लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. 26 जुलै 2005 च्या पावसाने घाटातील रेल्वे कित्येक दिवस बंद पडली. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीचे पाणी चढून महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजारांहून अधिक उतारूंना होड्यांतून व हेलिकॉप्टरच्या मदतीने बाहेर काढावे लागले. मुंबईपासून दोन तासांच्या अंतरावर, रुळावर उभ्या असलेल्या गाडीत माणूस पाण्याने वेढला जातो. मग डोंगराच्या कुशीतल्या ठाकूरवाडीचे काय बोलावे! आमच्या कर्जत तालुक्यातलेच माथेरान घ्या. तिथे मोटारींना बंदी, सामान दस्तुरीपासून घोड्यावर किंवा हातगाडीवर जायचे. 2019 च्या पावसात नेरळकडची छोटी गाडी बंद पडली ती पूर्ण मार्गावर 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तेव्हा घरात पंधरा दिवसांचे धान्य असणे हा अविश्वास नव्हे; तो या मातीचा स्वभाव ओळखणे होय.

परदेशांतही हा विचार आहे. स्वीडनच्या सरकारने 2018 साली, आणि पुन्हा 2024 साली, घरोघर पुस्तिका पाठवून लोकांना सांगितले की संकटात काही काळ तरी आपले आपण निभावता आले पाहिजे. अमेरिकेतील मॉर्मन पंथात तर घरात कित्येक महिन्यांचा शिधा ठेवण्याची जुनी शिकवण आहे. आमच्या आज्या हे पुस्तिकेवाचूनच करीत होत्या.

आता हिशेब मांडू. माणशी रोजचे धान्य साधारण चारशे ग्रॅम धरले तर पाच माणसांच्या घराला रोजचे 2 किलो, महिन्याचे 60 किलो होते. डाळ माणशी ऐंशी ग्रॅम धरली तर महिन्याची 12 किलो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला शिधावाटप दुकानातून माणशी 5 किलो मिळते, म्हणजे त्याच घराला 25 किलो. उरलेल्या 35 किलोंची तजवीज कष्टाने करायची. चार महिन्यांची पुरती आगोट म्हणजे सुमारे अडीच क्विंटल धान्य. ज्याच्याकडे शेत आहे त्याच्या घरात ते आधीच असते. ज्याच्याकडे नाही, त्याला एवढे एकदम विकत घेणे जमत नाही, आणि खरे म्हणजे त्याचीही गरज नाही. पंधरवड्यापुरते नेहमी घरात, आणि जुने खाऊन नवे भरायचे, इतके त्याने केले तरी पूर ओसरेपर्यंत निभावते.

ठेवायचे ते कसे, याबद्दल नव्या सुनांना चार शब्द. सडलेले तांदूळ ठेवण्यापेक्षा भात ठेवावे. टरफल हेच दाण्याचे चिलखत. भात कडकडीत वाळवून, शेणाने सारवलेल्या कणगीत भरावे आणि लागेल तसे गिरणीवर न्यावे. मात्र पावसात वीज गेली की गिरणी थांबते, म्हणून आठ-दहा दिवसांचे तांदूळ तयार असावे. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला, कडधान्यात राख. पोते भुईवर टेकवू नये, खाली फळ्या घालाव्या. उपवासाची भगर मात्र साठवूच नये. तिला दमट हवेत बुरशी चटकन धरते आणि ती दळून आणलेली असली तर डोळ्यांना कळतही नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील सोमठाण्याच्या सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद घेऊन शेकडो भाविक आजारी पडले, हे सप्ताहाच्या पंचांनी विसरू नये. भगर थोडी आणावी, ताजी आणावी, निवडून घरी दळावी.

इथवर साठ्याची बाजू झाली. आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगायला आम्हांला संकोच वाटतो, पण न सांगितली तर वरचे सर्व लिहिण्याचा अधिकार उरत नाही.

24 मार्च 2020 च्या रात्री एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीही इतरांसारखे पिशव्या घेऊन वाण्याच्या दारात उभे राहिलो. घरात माणसे चार. कणगीत दिवाळीचे भात होते. तरीही आम्ही गव्हाची दोन पोती, तांदळाचे एक, डाळ दहा किलो आणि साखर आणली. का आणली? शेजाऱ्याने आणली म्हणून. आमच्या मागे रांगेत वीटभट्टीवरचा एक कातकरी बाप उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा वाण्याने हात हलवला. ते आम्ही पाहिले आणि पोती गाडीवर चढवली. त्या दिवशी पाया थरथरत होता तो भीतीने. पण आम्ही त्याला दूरदृष्टी असे नाव दिले.

आषाढात पोती उघडली तर गव्हात सोंडे, तांदळात जाळी. त्याच आठवड्यात त्या भट्टीवरची एक बाई दोन शेर तांदूळ मागायला दाराशी आली. मुकादमाची उचल फिटली नव्हती आणि काम बंद होते. आम्ही तिला तांदूळ दिले. कोणते दिले? किडलेले. चांगले मागे ठेवले. तिने काही म्हटले नाही, पदरात घेऊन गेली. त्या वर्षी माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका पायी न जाता एस.टी.ने पंढरीस गेल्या, म्हणून आम्ही एकमेकांपाशी फार हळहळलो. वारी चुकली याचे दुःख मोठे होते. पण त्या बाईच्या पदरात जे टाकले त्याची हळहळ आम्हांला पुढे कार्तिकात झाली, हे कबूल केले पाहिजे.

तेव्हापासून दामाजीपंतांची कथा आम्ही वेगळ्या कानांनी ऐकू लागलो. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाचे धान्य लोकांना लुटू दिले आणि विठू महार होऊन देवाने मोल भरले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात एक गोष्ट नजरेतून सुटते. कोठार भरलेले होते म्हणून वाटता आले. रिकाम्या कोठाराचे दार उघडून दामाजीपंत काय देणार होते? तेव्हा साठा वाईट नव्हता. पण ते धान्य आले कुठून? शेतकऱ्याच्याच खळ्यावरून. पिकवणारा उपाशी आणि कोठाराला कुलूप, हा दोष होता. कुलूप काढणारा मात्र देवाला ऋणी करून गेला.

तुकोबारायांचे चरित्र याहून कठोर आहे. ते महाजनाचे घर. दुकान, देणेघेणे सगळे होते. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ आला आणि त्यात त्यांची थोरली पत्नी व मुलगा गेला. ज्यांच्या घरी धान्याचा व्यापार, त्यांच्या घरात अन्नावाचून माणूस जातो! आणि त्यानंतर हे महापुरुष काय करतात, तर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडतात. असे घडल्यावर आपण दुप्पट साठवले असते. आम्ही तरी साठवले असते.

कर्जखत म्हटले की आमच्या डोंगरपट्टीतील खावटी आठवते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या घरातले धान्य आषाढ-श्रावणात संपे. मग सावकाराकडून खाण्यापुरते भात घ्यावयाचे आणि कापणीनंतर दीडपट घालायचे. म्हणजे नवे पीक घरात येण्याआधीच त्याचा मोठा वाटा गेलेला असे आणि पुढच्या आषाढात पुन्हा तीच पाळी. एकाच्या कणगीतले धान्य दुसऱ्याच्या भुकेची वाट पाहत बसले की साठ्याची साठेबाजी होते. पुढे आदिवासी विकास महामंडळाचे खावटी कर्ज आले, आणि 2020-21 साली चार हजार रुपयांचे खावटी अनुदान झाले, त्यात निम्मे रोख, निम्मे वस्तूंत.

पण आम्हांला अधिक शहाणपणाचे वाटते ते काम आमच्याच तालुक्यात, कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत केलेले. त्यांनी वाड्यांवर धान्यबँका उभ्या केल्या. वाडीचे भात वाडीतच ठेवायचे, पावसात ज्याला लागेल त्याने न्यायचे, कापणीनंतर थोड्या वाढीने परत घालायचे. वाढलेले भात सावकाराच्या घरी न जाता वाडीच्याच कणगीत पडते. यात भीक नाही, उपकार नाही. आपला गोपाळकाला याहून निराळा कुठे आहे? प्रत्येकाने शिदोरी आणली तरच काला होतो. आणि आणलेली शिदोरी सोडली नाही तरीही तो होत नाही.

इर्शाळवाडीचे लिहिताना हात जड होतो. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाची दरड वाडीवर आली. 27 जणांचे देह मिळाले, 57 जण मिळालेच नाहीत. वर जायला मोटारीचा रस्ता नव्हता, शोध घेणारे भर पावसात चढून गेले. त्या घरांतही आगोट भरलेली असणारच. लावणीचे दिवस होते. ती भरणी घरासकट मातीखाली गेली आणि जे वाचले ते अंगावरच्या ओल्या कपड्यानिशी खाली उतरले. त्या वेळी त्यांच्या कामी त्यांची कणगी आली नाही, दुसऱ्याची आली. सारा साठा एकाच छपराखाली ठेवणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजतो, त्याने हे ध्यानी धरावे. दरडीखाली येणाऱ्या घराला कणग्या वाढवून उपयोग नाही. तिथे वेळीच हलणे हीच बेगमी.

त्या तरुणाला आम्ही पुढच्या एकादशीला हे सर्व जमेल तसे सांगितले. तो म्हणाला, "बुवा, मग सप्ताहाचं उरलेलं धान्य आपण दर वर्षी विकतो कशाला?" आम्हांला हे सुचले नव्हते. पंचांची बैठक झाली, बरीच कटकट झाली. कोणी म्हणाले उंदीर खातील, कोणी म्हणाले हिशेब कोण ठेवील. शेवटी देवळाच्या मागच्या उंच खोलीत फळ्या घालून चार पोती भात ठेवले आहे. आषाढात न्यायचे, मार्गशीर्षात पायलीमागे मूठभर वाढवून परत घालायचे. ज्याला परत घालणे जमणार नाही त्याचे नाव सभेत वाचायचे नाही. किल्ल्या दोन आहेत. एक पुजाऱ्याकडे, आणि दुसरी, खांबाला टेकून बसणाऱ्या त्या म्हातारीच्या आग्रहाने, कातकरवाडीतल्या एका बाईकडे. पहिल्या श्रावणात दोन पोती गेली. त्यांतले पाऊण पोते अजून परत यायचे आहे.