चंद्रीला बाजारात नेण्याआधी

पुणे

चि. बाळास,


काल रात्री धाकटीचा फोन आला होता. तुझ्याबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवूनच तिनं केला असावा, पण दोन वाक्यांत तिचा आवाज भरून आला आणि सगळं बाहेर पडलं. गौरीचं मागचं डावं सड गेलं. तिच्या पाठोपाठ चंद्री दोन-अडीच लिटरनं उतरली. आणि तू म्हणे तिला येत्या बाजारी लोणीला उभी करणार आहेस, घेणाऱ्याला काही न बोलता. हे शेवटचं ऐकल्यापासून मला चैन नाही. मुद्दाम पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतोस आणि गोठ्यात निघून जातोस.

एकच विचारते. चंद्रीची चारही सडं वेगवेगळी तपासलीस का?

तू म्हणशील, दूध पांढरंशुभ्र आहे, कास मऊ आहे, डेअरीच्या पावतीवर फॅट आणि एसएनएफ जागच्या जागी आहेत. तीच तर माझी भीती आहे. माझी सगळी नोकरी दूध तपासण्यात गेली. त्या पावतीवर दुधाचा भाव ठरतो, गाईची तब्येत कळत नाही. तुझ्या सगळ्या गाईंचं दूध एका कॅनमध्ये ओतलं जातं, त्यात एका गाईच्या एका सडाचं दुखणं कुठल्या कुठे विरून जातं. आणि एकट्या चंद्रीचं दूध वेगळं नेलंस, तरी प्रथिनांचा एकूण आकडा फारसा हलायचा नाही. का ते नीट समजून घे.

चांगल्या दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसिन असतं. दही लागतं, पनीर पडतं ते त्याच्यावर. कासेत जंतू शिरले की केसिन कमी तयार होतं, आणि जे असतं त्याचेही प्लाझ्मिन नावाचं विकर तुकडे पाडतं. त्याच वेळी कासेतल्या पेशींचे सांधे सैल होतात आणि रक्तातलं अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन दुधात झिरपायला लागतं. घरात माणसं दहाची दहाच, पण तीन घरची निघून गेली आणि तीन परकी येऊन बसली, तर नुसती डोकी मोजणाऱ्याला काय कळणार? दुखणं वाढलं की लॅक्टोज घटतं, एसएनएफ थोडं खाली येतं, मीठ वाढून दूध खारवतं. पण तोवर उशीर झालेला असतो.

तुझी आजी, आमची माई, हे न शिकता ओळखायची. ‘या गाईचं दही आज सैल लागलंय, हिची कास बघा,’ असं ती चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायची आणि घरातले पुरुष हसायचे. पुढे आठ-पंधरा दिवसांनी त्या गाईच्या धारेत गुठळ्या दिसल्या की माईचं बोलणं कुणाला आठवायचंही नाही. ती बोटावर दूध घेऊन चाखायचीसुद्धा. तू ते करू नकोस. कच्च्या दुधातून माणसाला लागणारे आजार आहेत.

आता यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते सांगते. जंतू आत आले की कास स्वस्थ बसत नाही. तिच्या स्वतःच्या पेशी आणि धावून आलेल्या पांढऱ्या पेशी काही खास प्रथिनं दुधात सोडतात. अमायलॉइड ए, कॅथेलिसिडिन, आणि त्यांच्या जोडीला हॅप्टोग्लोबिन. निरोगी सडाच्या दुधात ही अगदी नावाला असतात; जंतू शिरले की काही तासांतच वाढायला लागतात. त्या वेळी दुधात गुठळी नसते, कास गरम नसते, गाय वैरण खात असते, मालक निवांत असतो. ग्लासगोच्या विद्यापीठात आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावर या प्रथिनांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. डेन्मार्कच्या संशोधनातून तर असं यंत्र निघालं की धार चालू असतानाच ते दुधातलं एलडीएच हे विकर मोजतं आणि कुठली गाय बिघडायला लागली ते मालकाला कळवतं.

या संशोधनाबद्दल वाचताना मला परळचं व्हेटर्नरी कॉलेज आठवतं. मार्क पुरेसे होते रे मला. अण्णा म्हणाले, मुलीच्या जातीनं गाईच्या कासेत हात घालत गावोगाव हिंडायचं का? मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केली आणि गर्बरच्या नळ्यांतून फॅट काढत बसले. नोकरी चांगली होती, तिनंच घर चाललं. पण समोर हजारो गाईंचं दूध यायचं आणि त्यातलं एकही जनावर मला दिसायचं नाही. माईपाशी बसून तिच्या दह्याचं शास्त्र लिहून घ्यावं, हेही राहूनच गेलं. मला त्यातलं कळायला लागलं तेव्हा ती नव्हती. तू नोकरी सोडून गोठा घातलास, तेव्हा दादाच्या आधी मी ‘होऊ दे’ म्हटलं. त्यामागे हे सगळं होतं, तुला कधी बोलले नाही.

तर चंद्री. ती प्रथिनं तपासणारी यंत्रं तुझ्या गोठ्यात नाहीत, ठाऊक आहे. पण चार वाट्यांची पाटी आहे ना, गेल्या दिवाळीत मीच दिली होती. धाकटी म्हणते, ती अजून खोक्यातच आहे. बाळ, त्या पाटीवरची कासदाहाची चाचणी, सीएमटी, १९५७ पासून जगभर चालते आहे आणि तिला दोन मिनिटं लागतात. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढ, त्या गोठ्यात जमिनीवर सोडू नकोस. मग एकेका सडाचं थोडं दूध एकेका वाटीत, तेवढंच पाटीसोबतचं द्रावण, आणि पाटी गोल फिरव. दूध पाण्यासारखं वाहिलं तर बरं. कुठल्या वाटीत चिकट, जेलीसारखं झालं तर त्या सडात पांढऱ्या पेशी दाटल्या आहेत. द्रावणानं त्या फुटतात आणि त्यांच्यातला डीएनए दुधाला घट्टपणा आणतो. निरोगी सडाच्या एका मिलिलिटर दुधात अशा पेशी एक लाखाच्या आत असतात, दोन लाखांच्या वर गेल्या की संशय घ्यायचा. फक्त तुझी पहिलारू आत्ता व्यालीय, तिला लगेच तपासून घाबरू नकोस. चिकात या पेशी आणि ही प्रथिनं मुळातच भरपूर असतात.

चंद्रीची चारही सडं. एक चांगलं निघालं म्हणून तिथेच थांबू नकोस. कास बाहेरून एक दिसते, पण आत चार खोल्या वेगळ्या असतात, एकीचं दूध दुसरीत जात नाही.

आणि ती ट्यूब! गौरीला मेडिकलमधून आणलेली ट्यूब तूच सोडलीस, दोन वेळा सोडून दूध साफ दिसलं म्हणून बंद केलीस आणि ते दूध डेअरीला घातलंस. हे ऐकून मला तुझा फार राग आला. अर्धवट औषधानं सगळे जंतू मरत नाहीत, जे उरतात ते निबर होतात. ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात गेलं. डॉक्टरांना बोलावल्याशिवाय आणि त्यांनी सांगितलेले दिवस पुरे झाल्याशिवाय अशा गाईचं दूध कॅनमध्ये जाता कामा नये. गौरीच्या मागून त्याच हातांनी, त्याच फडक्यानं तू चंद्रीची धार काढत होतास. स्टॅफिलोकोकस असाच पसरतो. गौरी शेवटी घे, प्रत्येक गाईला वेगळं फडकं ठेव, अंगठा मुडपू नकोस, धारेनंतर सडं आयोडीनच्या द्रावणात बुडव आणि लगेच वैरण टाक, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत अर्धा तास ती उभी राहील. हे तुला येतं सगळं. घाईत राहिलं असेल.

फार बोलले का? अरे, चंद्रीला कदाचित काही झालेलंही नसेल. मुरघास बदललास, उन्हाळा तापला, माजावर आली, तरी गाय दुधाला उतरते. राहुरीच्या विद्यापीठाची फुले त्रिवेणी ती. होल्स्टिन आणि जर्सीबरोबर गीरचं रक्त आहे तिच्यात. कालवड असताना तू तिला आणलीस तेव्हा रात्री तिच्याजवळ खाट टाकून झोपत होतास. ती बाजारात गेली आणि सड दुखतं निघालं, तर दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात तुझ्या घरून दुखणं जाईल. घेणाराही तुझ्यासारखाच कर्ज काढून आलेला असेल. तपासून दोष निघाला तर उपचार करू, आणि उपचारानं भागलं नाही तर खरं सांगून, पडेल त्या किमतीला देऊ.

एखादी वाटी घट्ट झाली तर औषध देण्याआधी त्या सडाचा नमुना घे. सड स्पिरिटनं पूस, निर्जंतुक बाटलीत दूध धर, वर कुठलं सड ते लिही आणि बर्फात ठेवून पहाटेच्या एसटीनं धाकटीबरोबर पाठव. औंधच्या रोग अन्वेषण विभागात मी स्वतः नेऊन देईन. कुठला जंतू, त्याला कुठलं औषध लागू पडतं, ते कळलं की डॉक्टरांना अंदाजानं काही द्यावं लागणार नाही.

हप्त्यासाठी विकतो आहेस ना तिला? धाकटीनं ते सांगितलं नाही, मीच ओळखलं. दादाला सांगायला तुला जड जातं, मला सांगायला काय झालं? या महिन्याचा हप्ता मी भरते. माझं पेन्शन एकटीला पुरून उरतं आणि तुझ्यावाचून मला कोण आहे? परत कधी करशील ते विचारणार नाही. गौरीचं एक सड गेलं म्हणून रात्र रात्र गोठ्यात बसून राहतोस, असं वहिनी म्हणत होती. तीन सडांवर ती तुला अजून दूध देईल. घरात जाऊन झोप. धाकटीवर रागावू नकोस, तुझ्या काळजीनंच ती बोलली.

रविवारी मी येते आहे. आल्यावर पाटी मी धरीन, धार तू काढ.

तुझी,
आत्या