पांढऱ्या पोत्याची हकीकत

सिमेंटचा कठडा तडकला की घरमालकाने पाणी मारले नाही, असा ठपका ठेवून मोकळे होण्याची जी सोयीस्कर रूढी ओतकाम करणाऱ्यांत पडली आहे, तिच्याविरुद्ध माझी ही जबानी आहे. माझ्या ओटीच्या कठड्याचे खांब वैशाखात बसले, त्यांच्यावर सकाळसंध्याकाळ पाणी मारले गेले, आणि श्रावण सरता सरता त्यांच्या माना फुगून आडव्या चिरल्या. शेजाऱ्यांचे तशाच घाटाचे खांब त्याच कोकणी पावसात शाबूत आहेत.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा कारखानदाराने खुर्चीवरून न उठता, "काका, आपल्याकडच्या पावसात सगळंच तडकतं. पाणी नीट मारलं नसेल तुम्ही," असा निवाडा दिला. त्याच वेळी मागच्या पडवीत एक पोरगा माल कालवीत होता. सिमेंट-रेतीच्या कोरड्या मिश्रणात त्याने आडोशाच्या एका निराळ्या पोत्यातून ओंजळी भरभरून पांढरी भुकटी टाकली, पाणी ओतले, आणि फावडे धड फिरते न फिरते तोच घमेल्यातला माल आळू लागल्याने तो घाईघाईने साच्यात ठासू लागला. पोत्यावरची 'प्लास्टर ऑफ पॅरिस' ही अक्षरे मला उभ्या जागेवरून वाचता येत होती.

निखळ सिमेंटचा माल साच्यात निदान एक अहोरात्र राहावा लागतो. प्लास्टर मिसळले की तो थोड्याच वेळात सुटतो, आणि एकाच साच्यातून दिवसाकाठी कितीतरी नग निघतात. हे तोंडावर बोलून दाखविताच, "सिमेंटमध्ये जिप्सम असतंच की!" हे उत्तर तयार होते. असते, पण शेकडा 3 ते 5 च्या आसपास, कारखान्यात बरोबर दळलेले, आणि तेही सिमेंट एकदम आळू नये म्हणून. वरून ओंजळीने घातलेल्या प्लास्टरचा सिमेंटमधील ॲल्युमिनाशी ओलाव्यात संयोग होऊन सुईसारखे स्फटिक वाढतात, आणि घट्ट झालेला माल आतून उकलतो. ज्या पाण्याच्या अभावाचा आरोप माझ्यावर आला, त्याच पाण्याने त्याची लबाडी उघडकीस आणली! घरी येऊन एक खांब फोडला. सळईवर गंजाचा ठिपका नव्हता, मात्र फुटलेल्या भागावर नखाने ओरखडा उमटत होता.

ज्यांना असे काम करून घ्यावयाचे आहे त्यांनी साचा भरताना आणि उघडताना स्वतः उभे राहावे, व प्रत्येक नगाच्या बुडावर ओलेपणीच खिळ्याने तारीख कोरून घ्यावी. तीन महिन्यांहून जुने सिमेंट घेऊ नये. खाडीची रेती धुतल्यावाचून वापरू देऊ नये, कारण मिठाने सळई गंजते आणि गंज फुगून खांब फोडतो. साच्याला तेलाचा हात पातळच हवा. माणूस पारखून घ्यावा, हे तर सगळेच सांगतात.

प्लास्टरशी माझे वैर नाही. घरातल्या छताच्या नक्षीला त्यासारखे दुसरे द्रव्य नाही, फक्त त्याला पावसात उभे करू नये. तेथे पाणी आधी व प्लास्टर मागून, वजनाने 10 भागांस सुमारे 7 भाग पाणी, हा क्रम मोडू नये; जुन्या प्लास्टरचे कण राहिलेली बादली वापरली तर नवे अवेळी आळते. बळकटीसाठी काथ्या घालावा, लोखंड नव्हे. आळणारे प्लास्टर चांगलेच तापते, म्हणून त्यात हात बुडवून ठेवण्याचा खेळ मुलांना करू देऊ नये.

खांब मी दुसरीकडे पाडून घेतले. विसाराची पावती जपली होती म्हणून निम्मी रक्कम तरी वसूल झाली. उरलेल्या निम्मीची मुदत तो "पुढच्या महिन्यात नक्की, काका," असे म्हणून दर महिन्याला वाढवून घेतो.