सीताफळाच्या फुलातला भुंगेरा जपा

मृगाच्या तोंडावर सीताफळ फुलांनी लगडते, पण फळे मोजकीच धरतात आणि त्यातली कितीतरी वेडीवाकडी निघतात. पारनेर-संगमनेरच्या मुरमाड रानात अशा वेळी खताचा डोस वाढवला जातो. त्याआधी एक फूल उघडून पाहा.

पहाटे अर्धवट उमललेले फूल घ्या आणि नखाने जाड पाकळी बाजूला करा. पिकल्या फळासारखा वास येईल. तळाशी दोन-तीन मिलिमीटरचे तपकिरी किडे दिसतील. वरचे पंख आखूड, त्यामुळे पोटाचे टोक उघडे. हे निटिड्युलिडी कुळातले भुंगेरे. त्यांची पिलावळ आंबलेल्या फळांत वाढते आणि मातीत कोषात जाते.

सीताफळाच्या फुलात मादी भाग आधी तयार होतो, पराग मागाहून सुटतात. तोवर कुक्षी सुकू लागते, म्हणून फुलाला स्वतःचे पराग फारसे कामी येत नाहीत. मधमाशी या मिटल्या पाकळ्यांत सहसा शिरत नाही. एका फुलातले पराग अंगावर घेऊन दुसऱ्या ताज्या फुलात जातो तो हा भुंगेरा. इस्राएलमधल्या बागांतही त्याचे हे काम अभ्यासकांनी १९८२ साली नोंदवले आहे. फळावरचा एकेक डोळा म्हणजे एकेक स्त्रीकेसर. जिथे पराग पोचले नाहीत, ती बाजू दबते.

तेव्हा बहर चालू असताना कीटकनाशक फवारू नका, बुंध्याशी भुकटीही टाकू नका. पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त फुले येण्याआधीच उरका. कोरड्या वाऱ्यात कुक्षी लवकर वाळते. आळ्यात पाचटाचे आच्छादन करा, हलके पाणी द्या. आंब्याच्या, केळीच्या साली मडक्यात घालून झाडांच्या सावलीत ठेवल्या, तर भुंगेरे वासावर येतात. मात्र फळमाशीही येते, म्हणून चार-पाच दिवसांनी त्या साली बंद पिशवीत भरून उन्हात तापवा आणि नव्या घाला.

भुंगेरे दिसतच नसतील, तर पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग सकाळी लवकर कागदावर झटका. मऊ ब्रशने ते अर्धवट उमललेल्या फुलाच्या चकचकीत, ओलसर कुक्षीवर गोल फिरवून लावा. काम किचकट आहे, पण फळ चौफेर भरते. ब्रश फिरवलेल्या फुलांना दोरा बांधा, म्हणजे फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

फळे पिकू लागली की हाच भुंगेरा तडकलेल्या फळात शिरतो. त्या वेळी मडकी उचला आणि पडलेली फळे रोज वेचून खोल पुरा.