मागणीनुसार जोडणी: नावे आणि टपाल

१९९०च्या दशकात अनेक लहान कार्यालयांतील लिनक्स संगणक दूरध्वनीच्या तारेने इंटरनेटला जोडीत. बाहेर धाडावयाचे काही आले की मोडेम आपण होऊन क्रमांक फिरवी. काही वेळ शांततेत गेला की जोडणी तोडी. जेथे संभाषणाच्या कालावधीवर आकार पडे, तेथे ही सोय काटकसरीचीच. परंतु कार्यालय बंद असताना, मध्यरात्रीही मोडेम जागा होई, आणि हे कळे ते बिल हाती पडल्यावर!

दोष बहुधा नावांच्या शोधाचा असे. संगणकाच्या नावावरून अंकी पत्ता मिळविण्यासाठी बाहेरच्या नाम-सर्व्हरला विचारावे लागे, आणि एवढ्याशा प्रश्नासाठीही तार जोडली जाई. म्हणून कार्यालयातील संगणकांची नावे ‘होस्ट्स’ या फाइलीत लिहून ठेवीत. बाहेरच्या नावांची मिळालेली उत्तरे घरचा नाम-सर्व्हर काही काळ जपून ठेवी.

टपालाची गोष्ट अधिक फसवी. सेंडमेल या प्रणालीला पत्रे केवळ रांगेत ठेवण्यास सांगितले, तरी पत्ता प्रमाण रूपात आणण्यासाठी ती नावाची चौकशी करीतच असे. ‘डिफर’ ही रीत निवडली तरच ती चौकशीही लांबणीवर पडे. मग जोडणी होताच चालणाऱ्या ‘आयपी-अप’ या आज्ञावलीत रांग मोकळी करण्याची आज्ञा घातली, की साचलेली पत्रे एकाच खेपेत रवाना होत.