निळा धूर

वडवणीच्या बाजारात माळवं आणणारी एक जुनी व्हॅन आहे. पेट्रोलवर चालते. वय १८ वर्षं. पाच माणसांचं पोट तिच्यावर आहे.

एके दिवशी तिच्या मागून निळा धूर येऊ लागला. बघणारे म्हणाले, "दादा, इंजिन गेलं. बोअर करून घ्या." बोअर करायचं म्हणजे इंजिन खाली उतरवायचं, सिलिंडर आतून कोरायचे, नवे पिस्टन आणि रिंगा घालायच्या. खर्च मोठा. दादांनी म्हैस विकायची ठरवली. पण आधी तेलगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला गाडी दाखवली.

मिस्त्रीनं विचारलं, "धूर कसला? काळा का निळा?"

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. थंडीत सकाळी निघणारा पांढरा धूर ही नुसती वाफ असते. पण गाडी तापल्यावरही पांढरा धूर आला आणि रेडिएटरचं पाणी कमी होऊ लागलं, तर इंजिनात पाणी शिरतंय असं समजावं. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय.

"निळाच आहे, मामा. ऑईल लई खातीय."

"लई म्हणजे किती?"

दादांना सांगता येईना. मिस्त्री म्हणाले, "तुम्हाला आता लिहिता येतं ना? मग वही घाला. सपाट जागी गाडी उभी करा. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा. पट्टी पुसा, बुडवा, बघा. किती किलोमीटर झाले आणि किती ऑईल घातलं, ते लिहा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका."

पंधरा दिवसांनी वहीत आकडा आला. ८०० किलोमीटरला ४०० मिली. म्हणजे १००० ला अर्धा लिटर. पुठ्ठ्यावर दोनच थेंब होते. म्हणजे ऑईल गळत नव्हतं, जळतच होतं.

आता ते जळायच्या जागी जातं कुठून? वाटा मुख्यतः दोन. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तर ऑईल खालून वर चढतं. वरच्या व्हॉल्व्हच्या दांड्यांवर रबराचे छोटे सील असतात. ते कडक झाले, तर ऑईल वरून खाली झिरपतं.

यातली वाट कोणती, ते धूरच सांगतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच एकदा निळा लोट आला आणि मग थांबला, तर सीलचा संशय घ्यावा. धारूरचा घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसतो. हवेची वाट जवळजवळ बंद असते, म्हणून इंजिन सीलच्या फटीतून ऑईल ओढतं. खाली येऊन पाय दाबला की लोट निघतो. पण चढावर, ओझं घेऊन जाताना सारखाच धूर येत असेल आणि ऑईलचं झाकण उघडल्यावर भकभक वाफ येत असेल, तर रिंगा गेल्या.

दादांची गाडी सकाळी आणि उताराखालीच धूर सोडत होती. तरी मिस्त्रीनं खात्री करून घेतली. प्लग काढले. एक ओला, काळा, ऑईलनं माखलेला निघाला. त्या भोकाला घड्याळ लावून दाब मोजला. मग चमचाभर ऑईल आत सोडून पुन्हा मोजला. रिंगा झिजल्या असत्या, तर दाब वाढला असता. तो वाढला नाही, आणि मुळात चांगलाही होता. (डिझेल इंजिनावर हा चमचाभर ऑईलचा प्रयोग करू नये, इंजिन मोडेल.)

सील बदलले. इंजिन उतरवावं लागलं नाही. म्हैस दावणीलाच राहिली.

कुणी म्हणतं, जाड ऑईल घाला, धूर थांबेल. थोडे दिवस कमी होतो खरा. पण थंड इंजिनात जाड ऑईल वर पोचायला वेळ लागतो आणि झीज वाढते. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं, समजा २०डब्ल्यू४०, तेच डब्यावर वाचून घ्यावं. पट्टीच्या वरच्या खुणेपुढे भरू नये, जादा ऑईलही जळतं. आणि चालत्या गाडीत ऑईलचा लाल दिवा लागला, तर तिथंच इंजिन बंद करावं. गावापर्यंत नेऊ म्हणाल, तर बेअरिंग जाम होईल. मग बोअरपेक्षाही जास्त खर्च येतो.

दादांची व्हॅन आजही १००० किलोमीटरला १०० मिली ऑईल खाते. तेवढं जुन्या गाडीला चालतं, असं मिस्त्री म्हणतात. दादा दर सोमवारी पट्टी बघतात आणि वहीत लिहितात.