व्हिसामुक्त प्रवेश आणि मुक्कामाची मर्यादा : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातून एक अभ्यास

तंजावर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पट्टुकोट्टई, पेरावूरणी, अदिरामपट्टिनम या भागातील अनेक कुटुंबांत सिंगापूर, मलेशिया वा आखातातील एखादा तरी सदस्य असतो. सणासुदीला, कुलदैवताच्या उत्सवाला किंवा लग्नकार्याला तो गावी येतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहुणे म्हणून येणारे हे सर्वजण सारखे नसतात. कोणी भारतीय पारपत्रधारक, कोणी भारतीय वंशाचा परकीय नागरिक, तर कोणी तीन पिढ्यांपूर्वीच गाव सुटलेला निव्वळ पर्यटक असतो. परकीयांच्या प्रवेशाचे व मुक्कामाचे नियम समजून घेण्यास त्यामुळे हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नागपट्टिणम बंदरातून हजारो मजूर पेनांगमार्गे मलायातील मळ्यांवर गेले. हे बंदर १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होते. प्रारंभी करारबद्ध मजुरी आणि नंतर 'कंगाणी' नावाच्या मुकादमाकरवी होणारी भरती अशा दोन मार्गांनी हे स्थलांतर घडले. दोन्ही टोके ब्रिटिश सत्तेखाली असल्याने या मजुरांपुढे व्हिसाचा प्रश्न नव्हता. १९३८ मध्ये भारत सरकारने मलायाकडे होणाऱ्या अकुशल मजुरांच्या साहाय्यित स्थलांतरावर बंदी घातली. सिलोनने १९४८ मध्ये आगमन-निर्गमनाचा स्वतंत्र कायदा केला. १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाला. एकाच कुटुंबातील भावंडे अशा रीतीने निरनिराळ्या राष्ट्रांचे नागरिक बनली. माणसे सीमा ओलांडून गेली असे आपण म्हणतो. येथे बऱ्याच अंशी सीमाच माणसांच्या मधून गेली.

मूलभूत संकल्पना

परकीयास प्रवेश द्यावा की नाही, हा सार्वभौम राज्याचा अधिकार होय. व्हिसा म्हणजे सीमेवर येऊन प्रवेश मागण्याची पूर्वपरवानगी. अंतिम निर्णय सीमेवरील आप्रवासन अधिकाऱ्याचा असतो. व्हिसामुक्त प्रवेशात ही पूर्वपरवानगी माफ होते, बाकी अटी कायम राहतात. पारपत्राची पुरेशी मुदत, परतीचे तिकीट, खर्चाची तरतूद आणि भेटीचा हेतू यांची विचारणा होऊ शकते. आगमनानंतर मिळणारा व्हिसा आणि संगणकीय अर्जाद्वारे आधी मिळणारा ई-व्हिसा हे व्हिसामुक्तीचे प्रकार नव्हेत. स्पर्धा परीक्षांत या तिन्हींची गल्लत वारंवार होते.

दुसरी गल्लत व्हिसाची वैधता आणि मुक्कामाची मर्यादा यांची. वैधता म्हणजे ज्या काळात प्रवेश करता येतो तो काळ. मर्यादा म्हणजे प्रवेशानंतर राहता येणारे दिवस. पाच वर्षे वैध असलेला व्हिसा पाच वर्षे सलग राहण्याचा परवाना नसतो. दिवस मोजतानाही 'महिना' आणि '३० दिवस' यांत फरक पडतो. आगमनाचा दिवस पहिला धरणाऱ्या देशात ५ जानेवारीस उतरलेल्या प्रवाशाचे ३० दिवस ३ फेब्रुवारीस संपतात, ५ फेब्रुवारीस नव्हे. पोंगलसाठी आलेला पाहुणा किंवा उलट दिशेने गेलेला गावकरी नेमका या दोन दिवसांत अडकतो.

भारतातील तरतुदी

भारताने व्हिसामुक्तीचे धोरण फार मर्यादित ठेवले आहे. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. नेपाळबाबत या व्यवस्थेचा आधार १९५० चा मैत्री करार आहे. मालदीवच्या नागरिकांना पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहता येते. राजनैतिक पारपत्रधारकांसाठी अनेक देशांशी स्वतंत्र करार आहेत. उर्वरित बहुसंख्य पर्यटकांसाठी २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली आणि पुढे ई-व्हिसा म्हणून विस्तारलेली पद्धत आहे. तंजावरला जवळचा असलेला तिरुचिरापल्ली विमानतळ ई-व्हिसाधारकांसाठी खुला आहे.

बृहदीश्वराच्या मंदिरास १९८७ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम व दारासुरम येथील मंदिरांचा त्यात समावेश झाला. (मराठी वाचकास या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी शिलालेखही भेटतो.) येथून काही पर्यटक स्वामिमलैच्या कांस्यमूर्तिकारांकडे काम शिकण्यास थांबतात. पर्यटन व्हिसावर असे अनौपचारिक शिक्षण सहा महिन्यांच्या आत आणि पात्रतेचे प्रमाणपत्र न घेता चालते. मोबदला घेऊन काम करणे चालत नाही.

१९२० चा पारपत्र (भारतात प्रवेश) कायदा, १९३९ चा परकीय नोंदणी कायदा, १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि २००० चा वाहक दायित्व कायदा या चारांची जागा आता 'आप्रवासन आणि परकीय नागरिक अधिनियम, २०२५' ने घेतली असून तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. वैध पारपत्र वा व्हिसाविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, तर मुदतीपेक्षा अधिक राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे. परकीयास उतरवून घेणारी निवासस्थाने, शिक्षणसंस्था व रुग्णालये यांच्यावर माहिती कळविण्याची जबाबदारी आहे. कुंभकोणमच्या लॉजमालकास हा नियम ठाऊक असतो. घरगुती निवास चालविणाऱ्या खेड्यातील कुटुंबास तो बहुधा नसतो.

ओसीआय आणि भातशेती

भारतीय वंशाच्या परकीयांसाठी २००५ च्या नागरिकत्व दुरुस्तीनंतर ओसीआय कार्ड आले. जुनी पीआयओ कार्ड योजना जानेवारी २०१५ मध्ये त्यात विलीन झाली. कार्डधारकास आजीवन बहुप्रवेश व्हिसा मिळतो व मुक्कामाच्या कालावधीसाठी नोंदणी करावी लागत नाही. नावात 'नागरिक' असले तरी हे दुहेरी नागरिकत्व नव्हे: मतदानाचा हक्क नाही, आणि शेतजमीन वा मळा खरेदी करता येत नाही. कावेरीच्या पाण्यावर कुरुवै व सांबा भात पिकविणाऱ्या प्रदेशात ही अट मोठी आहे. मलेशियात स्थायिक झालेल्या भावास वडिलोपार्जित शेत वारसाने मिळू शकते. शेजारचा बांध मात्र विकत घेता येत नाही. याहून मोठी अडचण पुराव्याची. मळ्यावर गेलेल्या खापरपणजोबांच्या गावाचे नाव सांगणारा कागदच अनेक कुटुंबांकडे उरलेला नाही.

पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडील तमिळांची स्थिती सर्वांहून वेगळी आहे. १९८३ नंतर त्यांतील अनेकजण पारपत्राविनाच तामिळनाडूच्या किनाऱ्यावर उतरले. ९ जानेवारी २०१५ पूर्वी आश्रय घेऊन सरकारकडे नोंद झालेल्या श्रीलंकन तमिळांना २०२५ च्या सूट आदेशाने पारपत्र व व्हिसाविषयक दंडात्मक तरतुदींतून वगळले आहे. यामुळे खटल्याची टांगती तलवार दूर होते, नागरिकत्व मिळत नाही.

बाहेर जाणारा प्रवासी

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला. आधी २०२४ अखेरपर्यंत असलेली ही सवलत नंतर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. थायलंडने २०२४ मध्ये ६० दिवसांची मुभा दिली. पर्यटनाच्या दृष्टीने या निर्णयांचे स्वागत झाले; पण त्रिभुज प्रदेशातील बेरोजगार तरुणाच्या दृष्टीने त्यांची दुसरी बाजू गंभीर आहे.

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी न झालेल्या, म्हणजे 'ईसीआर' शिक्का असलेल्या पारपत्रधारकास ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागते. या यादीत मलेशिया व थायलंड दोन्ही आहेत. पर्यटक म्हणून जाणाऱ्यास मात्र अशी मंजुरी लागत नाही. अनधिकृत दलाल नेमक्या याच फटीचा उपयोग करतात. 'आधी पर्यटक म्हणून चला, परमिट तिकडे करून देऊ' असे सांगून पैसे घेतले जातात. एकतिसाव्या दिवशी तो तरुण बेकायदा रहिवासी ठरतो. मग मजुरी बुडाली तरी तक्रार करता येत नाही, कारण तक्रार करणे म्हणजे स्वतःस पकडून देणे. थायलंडमार्गे म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या केंद्रांत अडकविलेल्या शेकडो भारतीयांना मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

मलेशियाने मार्च ते डिसेंबर २०२४ या काळात अनधिकृत परकीयांना ठरावीक दंड भरून, खटल्याविना मायदेशी परतण्याची संधी दिली होती. अशा योजना ठराविक मुदतीच्याच असतात. नोकरीसाठी जाणाऱ्याने भरती संस्थेची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि तामिळनाडूतील प्रवाशांसाठी उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय चेन्नई येथे आहे.